वडगाव ते फ्लॉरेन्स : परगावी आलेला मृत्यू आणि अंत्यविधीची व्यवस्था

१/२४
कोल्हापूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, हातकणंगले तालुक्यात, पेठ वडगाव आहे. बाजारपेठेचे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना आणखी एका कारणाने परिचित आहे. मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव यांची समाधी येथे आहे. धनाजी सिंदखेडच्या जाधवांच्या कुळातले. आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले आणि मृत्यूने गाठले ते वारणेच्या खोऱ्यातील या गावी. घरापासून दूर मृत्यू आला, तर अंत्यविधीची जागा कोण ठरवतो, सरण कोण रचतो आणि परवानगी कोणाची लागते? हा या धाग्याचा विषय आहे.

२/२४
आधी धनाजींविषयी थोडेसे. छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, म्हणजे १६८९ नंतर, मोगलांशी चाललेल्या दीर्घ युद्धात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव ही नावे जोडीने घेतली जात. पुढे सेनापतिपद धनाजींकडे आले. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. त्यांना अडवण्यासाठी महाराणी ताराबाईंनी धनाजींना पाठवले, परंतु खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना मिळाले. गादीचा निकाल त्या एका निर्णयाने फिरला. पुढच्याच वर्षी, १७०८ मध्ये, पायाच्या चिघळलेल्या जखमेने वडगावी त्यांचा अंत झाला.

३/२४
या समाधीच्या जागेमागे एक राजकीय विसंगती दडलेली आहे. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधील सीमा निश्चित झाली. वारणेच्या उत्तरेचा मुलूख साताऱ्याकडे गेला, दक्षिणेचा कोल्हापूरकडे. वडगाव नदीच्या दक्षिणेला आहे. ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंकडे गेलेल्या सेनापतीची समाधी अशा रीतीने प्रतिस्पर्धी गादीच्या मुलखात राहिली. माणूस पक्ष बदलू शकतो, त्याची समाधी जागा बदलत नाही. ती मात्र त्याच जागी जपली गेली, हेही नोंदवण्याजोगे आहे.

४/२४
समाधी मृत्यूच्या ठिकाणीच का होत असे? कारण अगदी व्यावहारिक आहे. मृतदेह टिकवून ठेवण्याची सोय नव्हती आणि दूरच्या प्रवासाला दिवसच्या दिवस लागत. दहन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी, उरकावे लागे. त्यामुळे मोहिमेवर गेलेल्या माणसाची चिता छावणीलगतच्या ओढ्याकाठी किंवा नदीकाठी रचली जाई. घरी पोहोचत असे ती बातमी, आणि झालेच तर अस्थी. दहनाच्या जागी नंतर चौथरा, छत्री किंवा वृंदावन उभे राही. मराठा सरदारांच्या समाध्या विखुरलेल्या दिसतात त्या यामुळेच. नकाशावर त्या मांडल्या, तर मोहिमांच्या वाटा दिसू लागतात.

५/२४
येथे ‘समाधी’ या शब्दाचा अर्थही नीट पाहिला पाहिजे. संतांच्या संदर्भात संजीवन समाधी म्हटली जाते, तेथे देह भूमीत असतो असे मानले जाते. लढवय्यांच्या आणि राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या बहुतांशी दहनस्थळाची किंवा रक्षेची खूण असतात. काही ठिकाणी पादुका, काही ठिकाणी शिवलिंग, काही ठिकाणी केवळ तुळशीवृंदावन असते. म्हणून एखाद्या व्यक्तीच्या दोन समाध्या आढळल्या, तर एक खरी आणि दुसरी खोटी असे लगेच मानण्याचे कारण नाही. एक दहनाची जागा आणि दुसरी रक्षेची, असे असू शकते.

६/२४
वडगावच्या समाधीशी आणखी एक नाव जोडलेले आहे. धनाजींच्या पत्नी गोपिकाबाई सती गेल्या, असे परंपरा सांगते. त्या काळच्या अंत्यविधीचा विचार करताना ही बाजू वगळता येत नाही. पतीची चिता रचताना पत्नीच्या आयुष्याचाही निर्णय होत असे, आणि त्या निर्णयावर घराणे, प्रतिष्ठा व समाज यांचे ओझे असे. ब्रिटिश अमलाखालील बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा ४ डिसेंबर १८२९ रोजी झाला. राज्यसत्तेने चितेच्या व्यवस्थेत थेट हात घालण्याचा हा ठळक प्रसंग. यानंतर चिता ही केवळ कुटुंबाची बाब राहिली नाही.

७/२४
चितेला अग्नी कोण देतो, याला राजकीय अर्थही होता. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले, तेव्हा थोरले पुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. अंत्यविधी त्यांच्या अनुपस्थितीत झाला. उत्तरक्रियेचा अधिकार आणि वारसाहक्क यांचे नाते हिंदू धर्मशास्त्रात घट्ट आहे. जो पिंड देतो तो वारस, अशी लोकसमजूत होती. त्यामुळे अंत्यविधीच्या वेळी कोण हजर होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न राजघराण्यांत शोकापुरता मर्यादित राहत नसे.

८/२४
सामान्य माणसाचे काय? आज मोठ्या शहरांत अंत्यविधीची सर्व व्यवस्था करून देणाऱ्या संस्था आहेत. जुन्या गावात अशी संस्था नव्हती, कारण गाव हीच ती संस्था होती. बांबू आणि कडबा आणून भाऊबंद तिरडी बांधत. मडके कुंभाराकडून येई. दहनासाठी लाकडे आणि शेणी गावातूनच गोळा होत. कोल्हापूरकडे गोवऱ्यांना शेणी म्हणतात. खांदेकरी भावकीतले, विधी सांगणारा गावचा जोशी, क्षौराला न्हावी. पैशाचा व्यवहार थोडा, देणेघेणे बलुत्याचे. सुतकातल्या घरी चूल पेटत नसे, जेवण शेजारून येई.

९/२४
या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची काळी बाजू झाकू नये. मृत्यूची बातमी परगावच्या नातलगांना पायी जाऊन कळवणे आणि सरणासाठी लाकडे वाहणे ही कामे महार समाजावर लादलेली होती. मोबदल्यात हक्क म्हणून मिळे ते प्रेतावरचे वस्त्र. ज्या माणसाने लाकडे वाहिली, त्याच्या स्वतःच्या घरातील मृतासाठी मात्र गावचे स्मशान खुले नसे. जातवार वेगळ्या मसणवट्या ही महाराष्ट्रातील असंख्य गावांची वस्तुस्थिती होती. अनेक गावांत ती स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली.

१०/२४
कोल्हापूर परिसरात विधींचे प्रकारही अनेक. मराठा आणि जैन समाजात दहन, लिंगायत समाजात जंगमांच्या मार्गदर्शनाखाली देह बसलेल्या स्थितीत भूमीत ठेवण्याची रीत, मुसलमान समाजात दफन. एकाच पेठेत राहणाऱ्या माणसांच्या अखेरच्या वाटा अशा वेगवेगळ्या दिशांना जात. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाची माणसे ठरलेली. गावात असेपर्यंत निवड करण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. तो उद्भवे गाव सुटल्यावर. कोल्हापूरच्याच एका छत्रपतींच्या बाबतीत तो सातासमुद्रापार उद्भवला.

११/२४
ते छत्रपती म्हणजे राजाराम महाराज (दुसरे). १८५० मध्ये जन्म, १८६६ मध्ये दत्तकविधानाने कोल्हापूरच्या गादीवर. इंग्रजीचे उत्तम शिक्षण झालेले. १८७० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाण्याच्या त्या काळात एका हिंदू राजाने युरोपला जाणे ही असाधारण गोष्ट होती. त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, संस्था पाहिल्या आणि रोज दैनंदिनी लिहिली. सोबत असलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

१२/२४
परतीचा प्रवास युरोपच्या मुख्य भूमीवरून होता. त्या वेळी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलेले होते. बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असा प्रवास करत असताना महाराजांची प्रकृती ढासळली. आजारी अवस्थेत त्यांना इटलीतील फ्लॉरेन्सला आणले गेले. तेथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. गादीला वारस नव्हता, आप्त हजारो मैल दूर होते, आणि सोबतच्या लोकांपुढे तातडीचा प्रश्न उभा राहिला : या शहरात चिता कोठे रचायची?

१३/२४
प्रश्न किती अवघड होता, हे समजण्यासाठी युरोपची स्थिती लक्षात घ्यावी. ख्रिस्ती युरोपात शतकानुशतके दफन हीच रीत होती. दहनाकडे पाखंड म्हणून पाहिले जाई. शहराच्या हद्दीत, नदीकाठी, उघड्यावर मृतदेह जाळण्याची तरतूद कोणत्याही नियमात नव्हती. फ्लॉरेन्स तेव्हा एकीकृत इटलीची राजधानी होती. सप्टेंबर १८७० मध्ये रोम इटलीच्या ताब्यात आले होते आणि राजधानी तेथे हलायची होती. पोपची सत्ता आणि नवे राष्ट्र यांच्यातील ताण शिगेला पोहोचलेला असताना ही मागणी नगराच्या कारभाऱ्यांपुढे आली.

१४/२४
महाराजांच्या सोबत्यांसमोर पर्याय मोजकेच होते. स्थानिक रीतीप्रमाणे दफन करणे सोपे होते, पण ते धर्माला आणि कोल्हापूरच्या प्रजेला मान्य झाले नसते. देहावर रासायनिक प्रक्रिया करून तो पेटीतून जहाजाने भारतात पाठवणे हा मार्ग लांबचा होता आणि दहन लांबवणारा होता. उरला तिसरा मार्ग : परवानगी मिळवून तेथेच दहन करणे. ब्रिटिश राजदूत सर ऑगस्टस पॅजेट यांच्यामार्फत इटालियन अधिकाऱ्यांशी बोलणी झाली. नगराने अपवाद म्हणून परवानगी दिली. उबाल्दिनो पेरुत्झी तेव्हा फ्लॉरेन्सचे महापौर होते.

१५/२४
जागा निवडताना शास्त्राचा आधार घेतला गेला. दोन नद्यांचा संगम पवित्र. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. प्रयाग चिखलीचा संगम, नृसिंहवाडीजवळचा कृष्णा-पंचगंगा संगम त्याच्या नित्य परिचयाचा. संताजी घोरपडे यांची समाधीही कुरुंदवाडच्या संगमाजवळच दाखवली जाते. फ्लॉरेन्समध्ये शोध घेतला तेव्हा शहराच्या पश्चिम टोकाला, काशीने उद्यानाच्या अखेरीस, मुन्योने नावाचा लहान प्रवाह आर्नो नदीला मिळतो ते ठिकाण सापडले. परक्या भूमीत आपल्या रीतीला जुळेल अशी जागा शोधून काढली गेली.

१६/२४
दहन रात्री झाले. नदीकाठी लाकडांचे सरण रचले गेले, तूप आणि सुगंधी द्रव्ये वाहिली गेली, आणि सोबतच्या हिंदू मंडळींनी विधी पार पाडला. वस्तीपासून दूर, रात्रीच्या वेळी, उद्यानाच्या टोकाला : नगराच्या दृष्टीने ही काळजी होती आणि धार्मिक दृष्टीनेही ती जागा योग्य होती. रक्षेचा काही भाग नदीत सोडण्यात आला आणि अस्थी भारतात नेण्यासाठी जपून ठेवण्यात आल्या. फ्लॉरेन्सच्या लोकांसाठी हे दृश्य अभूतपूर्व होते. त्याची वर्णने युरोपभरच्या वृत्तपत्रांत आली.

१७/२४
१८७४ मध्ये त्या संगमावर स्मारक उभे राहिले. छत्रीच्या खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराने घडवला. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरकरांना हे नाव परिचित असायला हवे, कारण कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाउन हॉल यांचे वास्तुविशारदही तेच. स्मारकावर इंग्रजी आणि इटालियनसह चार भाषांत लेख आहेत. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर पूल पूर्ण झाला, त्याचे नाव ‘पोंते आल्ल इंदियानो’, म्हणजे ‘त्या भारतीयाजवळचा पूल’. इकडे कोल्हापुरात १८८० मध्ये स्थापन झालेले राजाराम कॉलेज त्यांचे नाव वागवते.

१८/२४
या घटनेच्या आगेमागे युरोपात दहनाची चळवळ आकार घेत होती. पादुआचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी दहनभट्टीचे प्रयोग केले आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ते मांडले. १८७४ मध्ये सर हेन्री थॉम्पसन यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये दहन संस्था स्थापन झाली. २२ जानेवारी १८७६ रोजी मिलानमध्ये आल्बेर्तो केलर यांचे दहन खास बांधलेल्या वास्तूत झाले. इंग्लंडमध्ये वोकिंगच्या दाहिनीत पहिले दहन मार्च १८८५ मध्ये झाले. चर्चचा विरोध तीव्र होता. १८८६ मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली, ती १९६३ मध्ये शिथिल झाली.

१९/२४
फ्लॉरेन्सच्या चितेमुळे ही चळवळ जन्मली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तिची मुळे शहरांची गर्दी, भरून गेलेल्या दफनभूमी आणि आरोग्यशास्त्र यांत होती. तथापि, युरोपातील एका राजधानीने दहनाला अधिकृत परवानगी दिली, याचे ठळक उदाहरण लोकांसमोर आले. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरच्या टेकडीवर झाले. तेथे ‘छत्री’ नावाचेच स्मारक उभारले गेले. १ फेब्रुवारी १९२१ रोजी त्याचे अनावरण झाले. परदेशातल्या चितेसाठी आता अपवाद मागावा लागत नव्हता, राज्ययंत्रणाच व्यवस्था करत होती.

२०/२४
परवानगीचा प्रश्न परदेशातच येतो असेही नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केले. आपला देह दहन न करता मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. घराच्या आवारातच जागा करून ठेवलेली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. निवासी भागात दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि देहाचे दहन करावे लागले. रक्षा मात्र त्यांच्या घराच्या आवारात ठेवली गेली. फ्लॉरेन्समध्ये नगराने नियम बाजूला ठेवून दहनाला वाट दिली, पुण्यात नियमाने दफनाची वाट अडवली. दोन्हीकडे अखेरचा शब्द नगराचा होता.

२१/२४
फुल्यांच्या अंत्ययात्रेत दुसराही वाद झाला. टिटवे कोणी धरायचे? दत्तकपुत्र यशवंत यांच्या अधिकारावर भाऊबंदांनी आक्षेप घेतला, तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या आणि टिटवे त्यांनी हाती घेतले. सतीची प्रथा कायद्याने बंद होऊन जेमतेम साठ वर्षे झाली होती. जेथे स्त्रीला स्मशानात जाण्याचीही मोकळीक नव्हती, तेथे पत्नी अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालली. वडगावच्या गोपिकाबाई आणि पुण्याच्या सावित्रीबाई यांच्यामध्ये १८२ वर्षांचे अंतर आहे. स्त्री आणि चिता यांच्या नात्यात या काळात काय पालटले, हे या दोन नावांतून कळते.

२२/२४
कोल्हापूरच्या संदर्भात पुढचा टप्पा राजर्षी शाहू महाराजांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी पंचगंगेवरील स्नानाच्या प्रसंगातून वेदोक्त प्रकरण पेटले : छत्रपतींच्या धर्मकृत्यांत वेदमंत्र म्हणायचे की पुराणोक्त? विधी सांगण्याचा अधिकार एका जातीचा नाही, या भूमिकेपर्यंत महाराज आले. १९२० मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापन केले आणि मराठा समाजातील तरुणांना पौरोहित्याचे शिक्षण मिळण्याची सोय केली. जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संस्कार कोणी करायचे, याची निवड सामान्य कुटुंबाला करता यावी, हा त्यामागचा अर्थ. सत्यशोधक समाजाने हीच मागणी १८७३ पासून लावून धरली होती.

२३/२४
६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. मृत्यू पुन्हा परगावीच आला, परंतु काळ बदललेला होता. पार्थिव कोल्हापूरला आणता आले आणि अंत्यसंस्कार आपल्या भूमीत झाले. १७०८ मध्ये धनाजींना हे शक्य नव्हते, १८७० मध्ये राजाराम महाराजांनाही नाही. मोटार, रेल्वे आणि तार यांनी ‘जेथे मृत्यू, तेथे दहन’ हा शतकांचा नियम मोडला. त्यानंतर समाध्यांचा नकाशा मोहिमांच्या वाटांवरून हटला आणि जन्मगावांकडे वळला. शाहू महाराजांच्या समाधी स्मारकाचे लोकार्पण २०२० मध्ये कोल्हापुरातील नर्सरी बागेत झाले.

२४/२४
आज कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत दहन विनामूल्य होते. ते प्रामुख्याने शेणींवर होते, आणि त्या शेणी नागरिक दान करतात. होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानाला देण्याची रीत येथे रुजली आहे. बलुत्याच्या सक्तीवर चाललेली जुनी व्यवस्था जाऊन तेथे नगरपालिकेची सेवा आणि स्वेच्छेचे दान आले. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, शववाहिका दूरध्वनीवर येते, परदेशातून पार्थिव विमानाने आणता येते. तरीही जागा, सरण, परवानगी आणि अग्नी देणारा हात हे चार प्रश्न प्रत्येक घरापुढे येतातच. पेठ वडगावची समाधी पाहताना हेच चार प्रश्न विचारावेत. सेनापतीच्या पराक्रमाबरोबर त्याच्या काळातला समाजही तेथे भेटतो.